चौथ्या पानावर हात का थांबतो?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं. वय एक्कावन्न, बालपण लालबागच्या चाळीत, वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात. मुंबईतल्या गिरणी कामगारांचा १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा तुम्ही जेमतेम आठ वर्षांच्या. गेली दोन वर्षं त्या दिवसांवर लिहायला बसता, चार पानं होतात आणि हात थांबतो. मग नवी वही, नवी सुरुवात आणि पुन्हा तेच चौथं पान. आता एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी अडीच हजार शब्द मागितलेत, ऑगस्टअखेर द्यायचेत. कार्यशाळेत सगळे सांगतात, ‘स्वतःचा अनुभव लिहा, म्हणजे अडणार नाही’, आणि तुम्ही तर अनुभवावरच अडताय.

तो सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. ‘गिरणी संप’ हा तुमचा अनुभव नव्हे. तो सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांवरून गेलेला, दीड वर्ष ताणला गेलेला आणि अधिकृतपणे कधी मागेच न घेतला गेलेला काळ आहे. तुमचा अनुभव म्हणजे त्या काळातली एखादी दुपार, एखादी रात्र, नळावरचा एखादा प्रसंग. एका तासात मावेल एवढंच माणूस खरोखर अनुभवतो. बाकीचं आपण नंतर जोडून घेतो. तुम्ही ते जोडून घेतलेलं लिहायला बसता. चार पानांत ते संपतं, कारण ते तेवढंच असतं. सामग्री कमी पडली म्हणून हात थांबत नाही, निष्कर्ष आधी लिहून झाला म्हणून थांबतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. आई हयात आहेत का, भावंडांना हे लिखाण माहीत आहे का, संपादकांना ललित लेख हवाय की कथा, हे तुमच्या प्रश्नात नाही. यातल्या प्रत्येक उत्तरानं पुढची वाट थोडी बदलते, ती त्या त्या ठिकाणी सांगेन. आणि लिहिणंच नव्हे तर झोप, जेवण, रोजची कामं यांतही मन लागेनासं झालं असेल, आठवडेच्या आठवडे तसंच चाललं असेल, तर तो लेखनाचा प्रश्न नाही. त्यासाठी डॉक्टरांना भेटा, वही थांबेल.

आता पहिलं काम. जुन्या सगळ्या वह्या काढा आणि प्रत्येकीतलं शेवटचं वाक्य, म्हणजे ज्याच्यानंतर हात थांबला ते, एका कोऱ्या कागदावर उतरवा. पाच वह्या असतील तर पाच वाक्यं. अडलेल्या हस्तलिखितांचं निदान मी याच वाक्यापासून सुरू करतो, कारण सुरुवातीची पानं लेखकानं घासूनपुसून ठेवलेली असतात, शेवटचं वाक्य मात्र उघडं असतं. ही वाक्यं साधारण तीन जातींची निघतात.

पहिली जात: ‘ते दिवस फार हलाखीचे होते’, ‘आईनं खूप सोसलं’, ‘चाळीनं आम्हाला माणुसकी शिकवली’. हे वाक्य आलं की पुढे लिहिण्यासारखं काही राहत नाही, कारण त्यानं दार लावून घेतलंय. हे वाक्य खोडा, आणि त्याच्या आधीची दोन-तीन वाक्यंही. ती सहसा याच वाक्याकडे उतरत आलेली असतात.

दुसरी जात: वाक्य एखाद्या न कळलेल्या गोष्टीपाशी येऊन थांबतं. ‘आबांना तेव्हा पगार...’ किती? ‘आईनं बांगड्या गहाण ठेवल्या त्या...’ कुठे? इथे धाडस कमी पडलेलं नसतं, माहिती कमी पडलेली असते. जागा मोकळी सोडा, समासात फुली मारा, पुढे चला. फुल्यांची यादी शेवटी एकदम सोडवायची. लिहिता लिहिता माहिती शोधायला उठलात की त्या दिवसाचं लिखाण गेलंच समजा, फोन हातात घेतलात तर नक्कीच.

तिसरी जात सगळ्यांत अवघड. वाक्य एखाद्या माणसापाशी येऊन थांबतं. संपाच्या दुसऱ्या वर्षी पिऊ लागलेला काका, गावी गेला तो परत न आलेला भाऊ, शेजारणीकडून पैसे आणून घरात न सांगणारी आई. इथे हात थांबतो तो लाजेनं किंवा भीतीनं. त्याचा उपाय वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो. आधी पहिल्या जातीबद्दल सविस्तर बोलू, कारण माझ्याकडे येणारी बहुतेक अडलेली पानं त्याच जातीची असतात.

त्यातलं एखादं पान घ्या आणि क्रियापदांखाली रेघ मारा. ‘आबा कामावर जायचे’, ‘भोंगा व्हायचा’, ‘आई पाणी भरायची’, ‘आम्ही गॅलरीत अभ्यास करायचो’. ‘-यचा, -यची, -यचे, -यचो’ असं शेवट असलेली क्रियापदं मोजा. पानावरच्या क्रियापदांत ती निम्म्याहून जास्त भरली, तर हात का थांबतो त्याचं उत्तर तुमच्यासमोर आहे. मराठीत हे रूप सवयीचं. रोज घडणारी गोष्ट सांगायला ते छान आहे, आणि आठवणी सांगताना ते आपोआप जिभेवर येतं. पण जे रोज घडायचं ते कुठल्याच एका दिवशी घडत नाही. त्यात तारीख नाही, कुणी दारातून आत येत नाही, कुणाच्या तोंडून नेमकं वाक्य बाहेर पडत नाही. सवयीच्या वाक्यानंतर दुसरी सवयच येऊ शकते, तिच्यानंतर तिसरी. साधारण चार पानांत घरातल्या सगळ्या सवयी सांगून होतात. मग माणूस एक मोठा उसासा टाकणारं वाक्य लिहितो आणि थांबतो.

म्हणून ‘जायचे’चं ‘गेले’ करा. एवढाच बदल, पण तो केला की लगेच प्रश्न उभे राहतात: कधी गेले? कुणी पाहिलं? हातात काय होतं? हे प्रश्न म्हणजेच पुढची वाक्यं.

एक नमुना देतो. तुमचं घर मला माहीत नाही, तेव्हा तपशील कल्पनेतले आहेत. आधीचं रूप:

‘संपाच्या काळात वडील घरीच असायचे. आई कुणाकडे तरी पापड लाटायला जायची. आम्हा भावंडांना परिस्थितीची जाणीव असायची. ते दिवस फार कठीण होते.’

आणि बदललेलं:

‘एरवी मी शाळेतून यायची तेव्हा आबा कामावर असायचे. त्या सोमवारी ते घरात होते. खाटेच्या कडेला बसले होते, पायांत चपला तशाच. त्यांचा डबा फळीवर पालथा होता, कोरडा. आईनं तो उचलला, फडक्यानं पुसला आणि पुन्हा पालथा ठेवला.’

दुसऱ्या उताऱ्यात ‘कठीण’ हा शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं. आणि मुख्य म्हणजे इथे हात थांबू शकत नाही. कोरडा डबा पुसणाऱ्या बाईकडे बघून आबा काहीतरी बोलतील किंवा उठून गॅलरीत जातील. दोहोंपैकी काय झालं ते लिहावंच लागेल. सवयीचं वाक्य पूर्ण टाकलेलं नाही हेही बघा. ‘एरवी’नं सुरू होणारं एक वाक्य आहे, त्यानं रोजची घडी दाखवली, आणि ‘त्या सोमवारी’नं ती मोडली. हे प्रमाण धरून चाला: सवयीचं एक वाक्य, फार तर तीन, आणि मग ‘त्या दिवशी’.

याच पानावर आणखी दोन शब्द शोधा. एक ‘वडील’. घरात त्यांना वडील कोण म्हणत होतं? तो अर्ज भरतानाचा शब्द आहे. सातारकडच्या घरात आबा किंवा तात्या असतील, कोकणातल्या घरात बाबा, दादा, अण्णा असतील; जे असेल तेच लिहा. हाक बदलली की बोलणारी मुलगी आठ वर्षांची होते आणि तिला दिसणाऱ्या गोष्टीही बदलतात. ‘वडिलांनी निर्णय घेतला’ असं लिहिणारी बाई पन्नाशीची असते. ‘आबा गप बसले’ म्हणणारी मुलगी खोलीत हजर असते. दुसरा शब्द ‘आम्ही’. ‘आम्हाला वाईट वाटलं’ यातल्या वाईट वाटण्याला धनी कोण? ‘आम्ही’च्या जागी जमेल तिथे ‘मी’ घालून बघा. जिथे ‘मी’ खोटं वाटेल तिथे ते वाक्य ऐकीव आहे असं समजा. ऐकीव वाक्य टाकून द्यायचं नाही, पण ते कुणाकडून ऐकलं ते लिहायचं.

आता नवं लिखाण. ऑगस्टअखेरची मुदत आहे, तर आठ बैठका पुरतात, प्रत्येकी पंचवीस मिनिटांच्या. कागदावर, पेननं. फोनवर मराठी टाइप करताना प्रत्येक शब्दाला तीन पर्याय सुचतात, आणि तुम्ही आठवायचं सोडून निवडत बसता. वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं. अर्ध्या वाक्यापाशी परत येणं सोपं जातं, पूर्ण परिच्छेदापाशी परत येणं अवघड.

पहिल्या बैठकीत लिहायचं नाही, काढायचं. खोलीचा नकाशा. दहा बाय बारा असेल किंवा काही असेल, दार कुठे, मोरी कुठे, माळा कुठे, पाण्याचं पिंप, ट्रंक, देव्हारा, स्टो, झोपताना कोण कुठे. चित्रकला लागत नाही. नकाशाचा फायदा असा की जागा आठवली की शरीर आठवतं: मोरीपाशी झोपणाऱ्याला रात्री अंगावरून ओलांडून जाणारे पाय आठवतात. भावना आठवायला बसलात तर पुस्तकी शब्द येतात. जागा आठवलीत तर वस्तू येतात.

दुसऱ्या बैठकीत वस्तूंची यादी. संपाच्या घरांबद्दल लिहिताना मला हा सगळ्यांत उपयोगी मार्ग वाटतो: त्या दीड वर्षात घरातल्या कोणत्या वस्तू बाहेर गेल्या, आणि कोणत्या क्रमानं? तांब्याचा हंडा, रेडिओ, आईच्या पाटल्या, शिवणयंत्र, सायकल. गेली तेव्हा कोण घेऊन गेलं, कशात गुंडाळून, विकली की गहाण ठेवली, सोडवून आणली का. आणि आत काय आलं: गावाकडून तांदळाची गोणी, कुणाच्या तरी मुलाचे जुने गणवेश, उधारीची वही. ही यादी दहा ओळींची झाली की लेखाचा सांगाडा तयार आहे, कारण क्रम आपोआप मिळतो आणि कुठेही ‘परिस्थिती बिकट होत गेली’ असं लिहावं लागत नाही. घरातली पहिली वस्तू कोणती गेली आणि कोणती शेवटपर्यंत जाऊ दिली नाही, या दोहोंतलं अंतर म्हणजे तुमच्या घराचं वर्णन.

तिसरी बैठक तारखांची. आठ वर्षांच्या मुलाला महिना-वर्ष आठवत नाही, पण तेव्हाच्या मोठ्या घटना आठवतात. त्यांना खुंटीसारखं वापरा. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, तो सोमवार होता. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते. म्हणजे डब्यात तिळगूळ उरला असेल. त्याआधीच्या दिवाळीत, १९८१ मध्ये, बोनसवरून असंतोष पेटला होता; त्या दिवाळीला नवे कपडे झाले होते का? १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईत पोलिसांनीच बंड केलं, शहरात जाळपोळ झाली. त्या दिवशी तुम्ही शाळेत होतात की घरी? नोव्हेंबरच्या मध्यावर दिवाळी आणि १९ नोव्हेंबरपासून दिल्लीला आशियाई खेळ. चाळीत टीव्ही कुणाकडे होता आणि तुम्हाला आत बसू दिलं का? २५ जून १९८३ च्या रात्री भारतानं क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. तेव्हा घरात कोण कोण होतं, कोण गावी गेलं होतं? प्रत्येक खुंटीखाली जे आठवेल ते चार ओळींत लिहा. काहींच्या खाली काहीच येणार नाही. येईल तिथे बहुतेक वेळा तुमचा प्रसंग सापडतो.

याच वेळी पानाचे तीन भाग पाडा: पाहिलेलं, ऐकलेलं, नंतर कळलेलं. पालथा डबा पाहिलेला. ‘गिरणीवर पोलीस उभे आहेत’ हे आईच्या तोंडून ऐकलेलं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या संघटनेलाच मान्यता होती, म्हणून मालक संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या संघटनेशी बोलायला तयार नव्हते, हे नंतर कळलेलं. तिन्ही लेखात येऊ शकतात, पण मिसळू देऊ नका. आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात १९४६ चा कायदा घातलात की ती मुलगी नाहीशी होते. ‘हे मला पुढे कॉलेजात कळलं’ एवढे शब्द पुरतात, वाचक सोबत येतो. पानभर इतिहास सुरुवातीलाच देण्याचा मोह होतो, विशेषतः तरुण वाचकांना संप माहीत नसेल या काळजीनं. तो परिच्छेद लिहा, वेगळा ठेवा, आणि शेवटी त्यातली दोन-तीन वाक्यंच आत घ्या, तीही इतिहास प्रत्यक्ष खोलीत शिरतो त्या जागी.

चौथ्या ते सातव्या बैठकीत प्रसंग. अडीच हजार शब्दांत चार प्रसंग मावतात, पाच म्हणजे गर्दी. एक प्रसंग चारशे ते सहाशे शब्दांचा धरा, बाकीचे शब्द त्यांना जोडायला लागतात. दर बैठकीत एकच प्रसंग, आणि क्रमानं नाही. जो सर्वांत स्पष्ट दिसतो तो आधी. पहिल्या वाक्याचा विचार करत बसू नका, पहिलं वाक्य शेवटच्या बैठकीत सापडतं. शीर्षकही तेव्हाच. प्रसंगात किमान एक गोष्ट हातांनी घडू द्या: कुणीतरी काहीतरी उचलतं, पुसतं, मोजतं, बांधतं. आणि किमान एक वाक्य बोललं जाऊ द्या, घरच्या बोलीत. निवेदन प्रमाण भाषेत असलं तरी आईच्या तोंडी ‘तू चिंता करू नकोस’ नको. ती जे बोलली असेल तेच हवं. आठवत नसेल तर तिला गप्प ठेवा. खोटं वाक्य तोंडी घालण्यापेक्षा गप्प बाई जास्त खरी असते.

आठवी बैठक मोठ्यानं वाचण्याची. जिथे श्वास अडतो तिथे सहसा विशेषणांची रांग असते.

आता फुल्यांची यादी, म्हणजे दुसऱ्या जातीचं अडणं. घरातली मोठी माणसं हयात असतील तर त्यांना विचारा, पण ‘तेव्हा कसं वाटायचं गं?’ असं नको. त्याला ‘काय सांगू, फार वाईट दिवस’ असंच उत्तर येतं, आणि तेच तुमच्या चौथ्या पानावर आधीच आहे. कामाबद्दल विचारा. रॉकेल कुठून आणायचीस? रांगेत किती वाजता उभी राहायचीस? आबा किती साचे बघायचे? मागावरचा धोटा अडकला की काय करायचे? पाटल्या मोडल्या की गहाण ठेवल्या? वस्तू आणि हालचाल विचारली की माणूस हातानं करून दाखवायला लागतो, आणि मग जे बोलायचं असतं ते आपणहून येतं. भाजी निवडताना, पापड वाळत घालताना विचारलेलं बरं. समोरासमोर बसून फोन मध्ये ठेवला की आवाज बदलतो. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा आणि चाळीस मिनिटांपुढे नेऊ नका. कामाच्या वस्तूंचे शब्द मात्र ऐकले तसेच टिपून घ्या. ‘यंत्रमाग’ आणि ‘साचा’ यांत फरक आहे: पहिला शब्द बातमीतला, दुसरा कामावरून आलेल्या माणसाच्या तोंडचा.

विचारायला कुणी उरलं नसेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयात त्या वर्षांची वर्तमानपत्रं आणि मासिकं बघा. बातम्यांपेक्षा जाहिराती, सिनेमांची पानं, भाव यांवर नजर ठेवा. वस्तूंच्या किमती तिथे मिळतात, आणि एका किमतीनं कधी कधी अख्खा प्रसंग उलगडतो.

तिसरी जात. माणसापाशी थांबलेलं वाक्य. इथे लोक दोन चुका करतात. एक म्हणजे त्या माणसाला वळसा घालून पुढे जातात. मग लेख पोकळ होतो आणि वाचकाला नेमकं काय ते न कळताही काहीतरी लपवलंय एवढं कळतं. दुसरी म्हणजे एका रात्रीत सगळं ओतून तसंच संपादकांना पाठवतात. मी सुचवतो ते असं: तो भाग वेगळ्या कागदांवर, कुणालाही दाखवायचा नाही या बोलीवर लिहा. पूर्ण लिहा, नावानिशी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात अशा लिखाणावर प्रयोग केले; त्यांची रीत साधारण अशी की सलग तीन-चार दिवस, दिवसाला पंधरा-वीस मिनिटं, मनाला सगळ्यांत जास्त टोचणाऱ्या गोष्टीवर लिहायचं. ते लिखाण लिहिणाऱ्यासाठी असतं. त्यात पुनरावृत्ती असते, आरोप असतात, आणि ते योग्यच आहे. चूक होते ती हेच लिखाण छापायला देण्यात. ते लिहून झाल्यावर आठवडाभर बाजूला ठेवा. मग बघा, त्यातलं काय नसेल तर तुमचा लेख समजणारच नाही? तेवढंच घ्या. सहसा पाच पानांतली आठ-दहा वाक्यं निघतात, आणि ती आरोपाची नसतात, पाहिलेल्या गोष्टीची असतात.

लिहिताना त्रास होऊ लागला तर त्याच जागी दात-ओठ खाऊन बसू नका. घड्याळ लावलेलं आहेच; वेळ संपली की उठा, आणि उठण्याआधी दोन ओळी साध्या गोष्टीवर लिहा, गॅलरीतल्या तुळशीवर, शाळेच्या दप्तरावर. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करायची.

छापण्याचा निर्णय माणसागणिक वेगळा. हयात माणसाबद्दल असेल तर तो भाग छापायच्या आधी त्याला वाचायला द्यावा असं माझं ठाम मत आहे, निदान आई आणि भावंडांना तरी. त्यांनी ‘हे नको’ म्हटलं तर प्रत्येक वेळी काढायलाच हवं असं नाही, पण ऐकून निर्णय घेणं आणि न सांगता छापणं यात फार अंतर आहे. नाव बदललं की झालं असं समजू नका. चाळीत माणूस मजल्यावरून, गावावरून, धंद्यावरून ओळखू येतो. ‘दुसऱ्या मजल्यावरचे, साताऱ्याचे, टेलरिंग करणारे’ म्हटलं की नाव काय लिहिलंय याला अर्थ उरत नाही. नावासोबत यातल्या निदान दोन गोष्टी बदला. कायद्याचंही लक्षात असू द्या: बदनामीची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होती. माणूस वारला म्हणजे काहीही लिहायला मोकळीक, असंही नाही. कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं लिहिलेलं त्याच तरतुदीखाली येऊ शकतं. एखाद्यावर चोरी, मारहाण, फसवणूक असा आरोप लेखात येत असेल तर पाठवण्यापूर्वी वकिलाला एकदा दाखवा.

इथेच लेख की कथा हा प्रश्न येतो. ललित लेख म्हणून दिलात तर वाचक प्रत्येक गोष्ट घडलेली मानतो. तिथे नसलेला प्रसंग घालू नका, दोन माणसांची एक करू नका, न ऐकलेला संवाद अवतरणात देऊ नका. कथा म्हणून दिलीत तर हे सगळं करता येतं, आणि अवघड माणसापाशी अडलेल्या लेखकाला कधी कधी कथाच मोकळी करते: ‘मी’च्या जागी ‘ती’ येते, चाळ लालबागहून परळला जाते, आणि हात चालू लागतो. पण निवड आधी करा आणि संपादकांना स्पष्ट कळवा. अर्धं लेख आणि अर्धं कथा असं लिखाण चौथ्याच पानावर अडतं, कारण प्रत्येक वाक्याला ‘हे खरं असायला हवं की नको’ हा प्रश्न पडतो. तुमच्या वह्यांपैकी एखाद-दुसरी यामुळेच थांबली असेल, अशी मला शंका आहे.

बारीकसारीक दोन गोष्टी राहिल्या. लिहून होईपर्यंत हा विषय कुणाला तोंडी रंगवून सांगू नका, कार्यशाळेतही नाही. सांगताना समोरच्याचे डोळे भरले की सांगण्याची गरज तिथेच भागते आणि कागदासाठी उरतो तो गोषवारा. आणि आबांना नायक करायची घाई नको, बळीही करू नका. संपात उतरलेल्या माणसाच्या मनात अभिमान आणि अपराधीपणा एकाच दिवशी असू शकतो; तो सकाळी मोर्च्याला गेला असेल आणि संध्याकाळी पोरीच्या वह्यांसाठी पैसे नाहीत म्हणून तिच्यावर ओरडलाही असेल. दोन्ही लिहा, मध्ये ‘पण’ घालू नका.

वेळेचं गणित: आठ बैठका दिवसाआड केल्या तरी दोन आठवडे, त्यानंतर एक आठवडा फुल्या सोडवायला, एक आठवडा वेगळे कागद बाजूला ठेवायला, आणि चार दिवस घरच्यांना वाचायला द्यायला. म्हणजे जुलैच्या अखेरीस पहिला कागद हातात घ्यायला हवा. आज रात्री मात्र लिहू नका. वह्यांतली शेवटची वाक्यं उतरवा, प्रत्येकापुढे पहिली, दुसरी की तिसरी जात तेवढं मांडा, आणि खोलीच्या नकाशासाठी एक मोठा कोरा कागद काढून ठेवा.